पिवळ्या दिव्याची गाडी

लाल दिव्याची गाडी आमच्या घराण्यात कोणाच्या नशिबी आली नाही. पिवळ्या दिव्याची मात्र आली, आणि तिच्यावरून धसईच्या आमच्या घरात बाप-लेकाचं बोलणं दोन महिने बंद होतं. पुण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांपर्यंत ही बातमी तिखटमीठ लावून पोचलेली आहेच. प्रत्येकाला फोनवर तीच कथा ऐकवण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो. गाडीवाल्या मित्रांनाही उपयोग होईल.

तर झालं असं. दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यात नोकरी करतो. त्याच्याकडे सहा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी आहे. (कंपनी कोणती ते विचारू नका, मुद्दा तो नाही.) जानेवारीत तीन मित्रांबरोबर तो ही गाडी घेऊन थेट कोइमतूरला गेला, ‘ट्रॅक डे’ला. हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, कारण दादाच्या मते तो जुगार आहे आणि वहिनींच्या मते शर्यत.

दोन्ही नाही. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे म्हणून सुमारे २.१ किलोमीटरचा बंदिस्त ट्रॅक आहे. २००३ साली सुरू झाला, नाव एस. करिवर्धन या रेसरवरून दिलेलं. कोइमतूर म्हणजे नारायण कार्तिकेयनचं गाव, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. अशा ट्रॅकवर एखाद्या दिवशी फी भरून तुम्ही आपली रोजची गाडी चालवू शकता. हेल्मेट घालायचं, झेंडेवाल्यांचं ऐकायचं, समोरून कोणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. गाडीची आणि स्वतःची मर्यादा कळावी, एवढाच हेतू.

चौथ्या फेरीत वळण सुटल्यावर त्याने पाय दाबला आणि गाडी ‘मेली’. म्हणजे बंद नाही पडली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि जोर गेला. कितीही दाबा, काटा तीन हजाराच्या वर सरकेना. हा हात वर करून कडेकडेने आत आला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर जोर परत, दिवा मात्र तसाच. मित्राकडे स्कॅनर होता. त्याने कोड वाचला, पोराने सुदैवाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि मग मित्राने तो पुसून टाकला. दिवा गेला. तिथून पुण्यापर्यंत हजार-बाराशे किलोमीटर गाडी लोण्यासारखी आली.

पुण्यात गॅरेजवाल्याने अर्धा तास बघून सांगितलं, काही नाही. आठवड्याने दिवा पुन्हा लागला तेव्हा तोच म्हणाला, ट्रॅकवर मारली ना, टर्बो गेला. नव्वद हजार.

हा आकडा धसईला पोचला आणि भडका उडाला. दादा चिडला तो पैशांवरून नाही, आईवरून. आई चौऱ्याऐंशीची. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, दर महिन्याला पुण्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. चुकलं तर आहे ती नजर जाते. पोरगा शुक्रवारी रात्री येतो, शनिवारी पहाटे तिला घेऊन निघतो. रस्ता माळशेज घाटाचा. आता गंमत बघा, पुण्याहून येताना घाट उताराचा, गाडीला काहीच कष्ट नाहीत. चढ लागतो तो जाताना, म्हातारी मागच्या सीटवर असताना. पाठीमागे लोड घेतलेले ट्रक, एका बाजूला दरी, पावसाळ्यात धुकं आणि डोंगरावरून सुटणारे दगड. तिथे गाडीचा जोर गेला तर? दादा म्हणाला, “गाडी विक नाहीतर ठेव, आईला मी त्यात बसू देणार नाही.” पोरगाही त्याच्यावरच गेलेला. “मग न्या एस्टीने,” म्हणाला. झालं, बोलणं बंद!

आता माझा यात काय संबंध? मी जन्मभर मुरबाडच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसर सांभाळले. हवा दाबायची आणि ती कुठून निसटते ते शोधायचं, यावर माझी पेन्शन पिकली. आणि टर्बो म्हणजे काय हो, कॉम्प्रेसरच. इंजिनाच्या जळक्या धुराच्या जोरावर फिरणारं एक चाक, त्याच दांड्यावर दुसरं चाक, ते ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी ही वस्तू. ती गेली असती तर शिट्टीसारखा आवाज, निळा धूर, ऑइल पिणं, काहीतरी खूण दिसली असती. इथे एकही नाही. म्हणून म्हटलं, नव्वद हजार देण्याआधी मला एक शनिवार-रविवार द्या.

सगळ्यात आधी तो फोटो मागवला. कोड होता पी ०२९९. अर्थ: टर्बोचा दाब हवा तेवढा होत नाही. लक्षात घ्या, ‘टर्बो खराब’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. “पोटात दुखतं” म्हटल्यावर डॉक्टर लगेच आतडं बदलत नाही. कोडबरोबर गाडी त्या क्षणाची नोंदही गोठवून ठेवते, तीही फोटोत होती: ४,२०० फेरे, इंजिनावर ९६ टक्के भार, आत जाणारी हवा ५८ अंश. म्हणजे गाडी पूर्ण जोरात आणि तापलेली असताना तक्रार झाली. कोड पुसताना ही नोंदही पुसली जाते, म्हणून आधी फोटो, मग काय ते. ही सोय आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक कारला ती सक्तीची आहे, आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर सगळं दिसतं.

आणि जोर गेला तो का? इंजिनाच्या कॉम्प्युटरने स्वतः काढून घेतला म्हणून. मागितलेला दाब मिळेना, कारण कळेना, तेव्हा त्याने ठरवलं की मालकाला घरापर्यंत पोचवायचं पण इंजिन मोडू द्यायचं नाही. बैल बसतो ना, तसंच. बसलेला बैल दर वेळी आळशी नसतो, जू उचलून खांदा बघावा लागतो.

गॅरेजात काही का सापडलं नाही तेही यातच आलं. उभ्या गाडीत इंजिन दाबाची मागणीच करत नाही, मग तुटवडा दिसणार कुठून? हायवेवर थोडी हवा निसटली तरी टर्बो जरा जास्त फिरून भरपाई करतो. पूर्ण जोर सतत मागितला की उघडं पडतं. माझंच बघा ना, चार वर्षांपूर्वी कॉटवर झोपून काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल होता, पट्ट्यावर चालवल्यावर डॉक्टरचा चेहरा बदलला.

मग ठरलं, गाडीला पट्ट्यावर चालवायची. आमच्याकडे पट्टा कोणता? माळशेज! डिकीत आणि मागच्या सीटवर पन्नास किलोची तांदळाची चार पोती टाकली, पोरगा चालवायला, मी शेजारी मोबाइल घेऊन. रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना मोरोशी सोडली आणि चढ धरला. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, वेग चाळीस-पंचेचाळीस. लागतो तो जोर, वेग नव्हे; घाट काही ट्रॅक नाही. मोबाइलवर दोन आकडे शेजारी शेजारी: इंजिनाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. सुरुवातीला १८५ मागितले, १८० मिळाले. ठीक. गाडी तापली तसे १८५ मागितले, १६८ मिळाले. मग १५०. बोगद्याच्या अलीकडे दिवा लागला, गाडी बसली. मागून ट्रकने असा हॉर्न दिला की पोरगं दचकलं. धबधबे बघायला लोक थांबतात त्या रुंद जागी गाडी घेतली. तो काही बोलला नाही, मागच्या सीटवरच्या पोत्यांकडे बघत राहिला. आई तिथेच बसते.

धसईला उतरून गाडी गार होऊ दिली. टर्बोकडून निघालेली दाबलेली हवा एका जाड रबरी नळीतून इंटरकूलरला जाते, तिथे गार होते आणि दुसऱ्या नळीने इंजिनात. त्या नळ्यांना आतून तेलाचा किंचित ओलावा असतोच. म्हणून नळी कुठे फाटली असेल तर बाहेर तेलकट धूळ चिकटते. खालच्या नळीच्या वळणावर, क्लिपेच्या अगदी बाजूला, तशी काळी रांगोळी होती. हाताने दाबून बघितली, फट दिसेना.

मग आमचा जुना खेळ. बाजारातून प्लंबिंगचं पीव्हीसी टोपण आणलं, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. (२०१६ च्या डिसेंबरात ‘कॅशलेस गाव’ म्हणून धसईचं नाव पेपरात झळकलं होतं, आठवतं? टोपणाचे पैसे मोबाइलवरच दिले.) एअर फिल्टरनंतरची नळी सोडवून टर्बोच्या तोंडावर ते टोपण आवळलं आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फक्त अर्धा बार हवा भरली. जास्त भरायची नाही, इंजिनाची सीलं जातात. साबणाचं पाणी सोडलं. नळी फुगली, आणि क्लिपेशेजारून फसफसून फेस आला. बोटाच्या पेराएवढी चीर. हवा सोडली की मिटायची, दाब आला की उघडायची. नळी तापून मऊ झाली की आणखी.

नवी नळी दोन हजार आठशे, क्लिपा वेगळ्या. पुढच्या रविवारी तीच पोती, तोच चढ, तोच गिअर. १८५ मागितले, १८४ मिळाले. बोगदा गेला, घाटमाथा आला, दिवा नाही. टर्बो आहे तोच आहे.

आता दादाचा प्रश्न: नळी ट्रॅकमुळेच फाटली ना? मी म्हटलं, थोडं खरं आहे. रबर सहा वर्षांचं, उष्णतेने कडक झालेलं; ट्रॅकवर त्याच्यावर ताण आला असणारच. पण ती कधीतरी जाणारच होती, आणि जाण्याच्या दोनच जागा होत्या. एक बंदिस्त ट्रॅक, जिथे झेंडेवाला उभा असतो. दुसरा माळशेजचा चढ, मागे ट्रक आणि आत आई. “म्हशाच्या बाजारात बैल नुसता उभा बघून घेतोस का? गाडीला जुंपून ओढायला लावतोसच ना?” यावर दादा म्हणाला, “लावतो. पण त्यासाठी बैलाला कोइमतूरला नेत नाही.” हे मात्र मला मान्य करावं लागलं. पोरगं हसलं, दादाने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दोन महिन्यांनी दोघे एकाच ताटावरून नाही, पण एकाच पंगतीला बसले.

गाडीवाल्यांसाठी थोडक्यात. लाल दिवा (ऑइलचा दाब, तापमान) लागला तर सुरक्षित जागी लगेच थांबा आणि इंजिन बंद. पिवळा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं, पण कोड वाचल्याशिवाय पुसायचा नाही. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर ठिणगी चुकते आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, पाय काढा. ट्रॅकवर लांब वळणात ऑइलचा दिवा क्षणभर चमकला तर ऑइल एका बाजूला सरकून पंपाचं तोंड उघडं पडलंय, फेरी तिथेच संपवा. टाकीत पेट्रोल कमी असेल तर वळणात तेही असंच सरकतं आणि इंजिन अडखळतं, त्याला गॅरेज नको, पेट्रोल पंप हवा. आणि तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे: एअर फिल्टर, नळ्या, क्लिपा, सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी टर्बो.

एक राहिलंच. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी हे सगळे दिवे क्षणभर लागलेच पाहिजेत. जुनी गाडी घेताना इंजिनाचा दिवा अजिबात लागला नाही तर खूश होऊ नका, कोणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलेला असू शकतो.

आईचं या महिन्याचं इंजेक्शन वेळेवर झालं. गाडी तीच. दादाही बरोबर गेला होता, पुढच्या सीटवर, मोबाइलवरचे ते दोन आकडे बघत. घाटमाथ्यावर पोचल्यावर त्याने मला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाला, “एकशे चौऱ्याऐंशी.”