दार उघडले, पण वाट कुठे आहे?

रत्नागिरीच्या मांडवीत आम्ही लोकांच्या दाखल्यांची, अर्जांची कामे करतो. समाजशास्त्रात एम. ए. करताना 'सामाजिक अंतर' पुस्तकात वाचले होते. ते पायांनीही मोजावे लागते, हे इथे कळले.

गेल्या पावसाळ्यात एका आजींना संजय गांधी निराधार योजनेच्या कामाला घेऊन निघालो. मांडवी समुद्राला लागून, सखल. कार्यालय वरच्या अंगाला. बस आली नाही म्हणून चालत निघालो. चढावर फुटपाथ संपला. होता तिथे गाड्या उभ्या. आजी गटाराच्या फरश्यांवरून तोल सावरत चालल्या. पोचलो तर एक दाखला कमी. उद्या या! दोन दिवसांत रिक्षाला तीनशे रुपये गेले. अनुदान महिन्याला दीड हजार. आजी म्हणाल्या, "देतात ते खरं, पण वाटेतच सांडतं बाबांनो."

4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, न्यायालये, कार्यालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंसह महाडच्या रस्त्यांवरून चालत चवदार तळ्यावर जावे लागले, तेव्हा तो हक्क वापरात आला. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही.

कुणी म्हणेल, रस्ता सगळ्यांनाच वाईट आहे, यात जात कुठे आली? रस्ता सगळ्यांना वाईट आहे, हे मान्य. पण गाडीवाल्याचे त्यात पेट्रोल जाते, चालणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. आणि गाडी कुणाकडे नाही, हा योगायोग नाही. कोकणातल्या किती गावांत बौद्धवाडी कडेला आहे, पाखाडी तिच्यापर्यंत शेवटी पोचते, हे आपण जाणतो. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण पाटी बदलल्याने अंतर कमी होत नाही.

दुसरे उत्तर तयार असते: आता सगळे ऑनलाइन आहे. पण अंगठा उमटत नाही, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा मुंबईत. मग पुन्हा केंद्रापर्यंत पायपीट.

पॅरिसमध्ये घरापासून पंधरा मिनिटांत सर्व सोयी हव्यात, असे धोरण आले, त्याचे आपल्याकडे कौतुक होते. आमची मागणी त्याहून साधी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे, तेवढी द्या. ठरलेल्या दिवशी दाखल्यांचे शिबिर प्रभागातच भरवा. बस वेळेवर सोडा.

बंद दाराशी भांडायला आपण शिकलो. आता दारापर्यंतच्या वाटेसाठी भांडायचे आहे. प्रभागाच्या पुढच्या सभेला चालतच या, आणि वाटेत जे दिसेल ते लिहून आणा.

जय भीम!