शेवटची परेड

रात्रीची जेवणं उरकली, की मी एकदा अंगणात जाऊन येतो. चिंचेखाली मुलाचा जेसीबी उभा असतो, शेजारी सूनबाईची स्कूटी. टॉर्च घेऊन दोन्हींभोवती एक फेरी मारायची, टायर दाबून बघायचे, खाली वाकून जमिनीवर तेलाचा ठिपका पडलाय का ते पाहायचं, आणि मग झोपायला जायचं. सूनबाई हसते. म्हणते, ''अप्पा, गाय आहे का ती, रात्रीची वैरण घालायला?'' नातवालाही गंमत वाटते. आमची ही मात्र हसत नाही. या फेरीमागची गोष्ट तिला ठाऊक आहे. पण तिलाही मी ती अर्धीच सांगितली होती.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाऊससुद्धा पाहुण्यासारखा येतो, मग बर्फ कुठला बघायला मिळणार! १९७८ साली सीमा रस्ते संघटनेत भरती झालो. सरहद्दीवरचे रस्ते बांधायला आणि राखायला १९६० मध्ये उभी राहिलेली ही संघटना. तिचं प्रशिक्षण केंद्र मात्र आपल्या पुण्याजवळ, दिघीला. तिथे मला डोझर चालवायला शिकवलं. पण त्याआधी कितीतरी दिवस नुसतं गाड्यांभोवती फिरायला शिकवलं.

तेव्हा फौजेत सगळीकडे शक्तिमान ट्रक. मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनणारा, पुढे नाक काढलेला, चारही चाकांना ताकद असणारा गडी. आमचे उस्ताद त्याच्यासमोर आम्हाला उभं करायचे आणि तीन परेडी घोकून घ्यायचे. पहिली परेड सकाळी, इंजिन चालू करण्याआधी : तेल, पाणी, हवा, पट्टा, बॅटरी. मधली परेड वाटेत थांबल्यावर. चहाच्या टपरीकडे पळायचं नाही, आधी प्रत्येक चाकाच्या हबवर हात ठेवायचा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तर तिथे बेअरिंग तरी जातंय किंवा ब्रेक तरी चिकटतोय. हाताला कळतं ते घाटात कळण्यापेक्षा बरं. आणि शेवटची परेड संध्याकाळी, काम संपल्यावर. उस्ताद म्हणायचे, ''पहिली परेड सगळेच करतात, कारण पुढे गाडी चालवायची असते. शेवटची परेड करील तो खरा ड्रायव्हर.''

त्या वयात हे वाक्य नुसतं पाठ झालं. समजलं अकरा वर्षांनी.

डोझरचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. त्याच्या अंगावर तासांचं मीटर असतं. इतके तास झाले की तेल बदला, इतके झाले की फिल्टर. माझ्याकडे बीईएमएलचा डी-८० होता, सुमारे वीस टनांचं धूड. त्याला चाकं नाहीत, लोखंडी चेन. ती चेन, तिच्या आतले रोलर, मागचा दातेरी चक्का यांवरच सगळा भार आणि सगळी झीज. चेन फार ताणली तर लवकर झिजते, सैल सोडली तर उतरते. आणि तिच्यात भरलेला चिखल काढला नाही, तर तो आत दगडासारखा बसतो.

डोंगरात तर यंत्रसुद्धा माणसासारखं धापा टाकतं. साधारण दर शंभर मीटर चढाला साध्या इंजिनाची ताकद एक टक्क्याने घटते, असा हिशेब आहे. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. म्हणजे खाली मैदानात जे इंजिन शंभर घोड्यांचं, ते तिथे साठ-पासष्ट घोड्यांचं राहतं. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल लडाखमध्ये २०१९ साली आलं. आमच्या वेळी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. बॅटऱ्या संध्याकाळी काढून खोलीत न्यायच्या. आम्ही कुडकुडायचो, पण बॅटऱ्यांची जागा शेगडीजवळ!

अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला. त्याआधी रोहतांग बंद झाली, की पलीकडचं लाहौल वर्षातले पाच-सहा महिने जगापासून तुटायचं. वसंत आला, की आम्ही दोन्ही बाजूंनी बर्फ कापत यायचो.

१९८९ चा एप्रिल. आमची तुकडी लाहौलच्या बाजूला होती. एप्रिलचं तिथलं हवामान फसवं. दुपारी उन्हात बर्फाचा चिखल होतो आणि रात्री त्याच चिखलाचं लोखंड होतं. त्या दिवशी मी चौदा तास मशीनवर होतो. अंधार पडल्यावर मुक्कामी आलो तेव्हा हातांना बोटं आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. माझा हेल्पर दुमक्याचा, विशीतला पोरगा. डोंगरातल्या रस्त्यांवर त्या भागातले मजूर पुष्कळ असायचे. त्याने फावडं आणि सब्बल हातात घेऊन विचारलं, ''उस्ताद, चेन साफ कर दूँ?''

नियम असा, की रात्री चेनमधला चिखल खरवडून काढायचा आणि मशीन फळ्यांवर चढवून उभं करायचं, म्हणजे चेन जमिनीला गोठून चिकटत नाही. अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, ''छोड़, सुबह देखेंगे.'' बॅटऱ्या मात्र न विसरता आत नेल्या. तेवढ्यावरच मी स्वतःवर खूश होतो.

पहाटे दार वाजलं. वरच्या गावातले पाच-सहा जण होते. एक बाई अडली होती, रात्रीपासून कळा सुरू होत्या. केलाँगच्या दवाखान्यात न्यायला हवी, पण गाव आणि रस्ता यांच्यामध्ये रात्रीच बर्फाचा कडा कोसळला होता. आमच्या मुक्कामापासून मैलभरही दूर नाही. ताज्या बर्फाचं काम. डी-८० ला तासाभराचा खेळ.

बॅटऱ्या जोडल्या. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. गावकऱ्यांचे चेहरे उजळले. मी गिअर टाकला आणि मशीन नुसतं हुंकारलं. दोन्ही चेन जमिनीला आणि रोलरला जखडलेल्या. आणखी जोर लावला असता, तर आतले दाते तुटले असते आणि मग महिनाभर कुणालाच रस्ता मिळाला नसता. खाली उतरलो. ब्लो लॅम्प, सब्बल, छिन्नी. तिघं जण लागलो. गरम पाणी ओतावं तर तेच पुन्हा गोठणार. एक वयस्कर गावकरी, बहुधा त्या बाईचा सासरा, बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याने साधं विचारलं, ''कल तो चला था न?''

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

ते थांबले नाहीत. बाईला खाटेवर बांधून, घोंगड्यांत गुंडाळून, कोसळलेल्या बर्फावरून खांद्यावर न्यायचं ठरलं. माझा हेल्पर सब्बल टाकून त्यांच्यात गेला. मी त्याला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार? मधल्या नाल्यावरचा बर्फ पोकळ होता. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, गमबूट भरले, पण त्याने खाट खाली पडू दिली नाही. पलीकडे आमचा शक्तिमान चाकांना चेन बांधून उभा होता. ड्रायव्हरने त्यांना केलाँगला पोहोचवलं. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप.

माझी चेन सुटायला साडेतीन तास लागले.

हेल्परने ओले बूट उतरवले ते दवाखान्यात, तेही बाईला आत नेल्यावर. हिमदंशाने त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. मी भेटायला गेलो, तर हसून म्हणाला, ''उस्ताद, आठ बची हैं.'' मी लॉगबुकात लिहिलं, 'अतिथंडीमुळे चेन गोठल्याने विलंब.' खोटं त्यात काहीच नव्हतं. साहेबांनी सही केली. रात्री त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो कधी कुणाला बोलला नाही, मला तर नाहीच. पुढे त्याची तुकडी बदलली.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत माझी शेवटची परेड कधी चुकली नाही. लोक कौतुक करायचे. मी गप्प राहायचो.

ही गोष्ट आता लिहायचं कारण घरातलंच. मुलाने कर्ज काढून जेसीबी घेतला. तासावर भाडं, महिन्याला हप्ता. थकून येतो बिचारा. परवा रात्री दहाला आला. बकेट मातीने लडबडलेलं, पिनांना दिवसभर ग्रीस नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ''अप्पा, आज राहू दे. सकाळी बघू.''

तेच शब्द. पस्तीसहून जास्त वर्षांनी, माझ्याच अंगणात.

त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. फावडं धरलेल्या पोराचा प्रश्न, माझं उत्तर, लॉगबुकातली ओळ, दोन बोटं. सांगताना घसा दाटला. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, ''पण अप्पा, इथं बर्फ कुठाय?''

मला हसू आलं. खरंच की, माणात बर्फ कुठला! मी म्हटलं, ''बर्फ नाही बाबा. पण विहिरीची कड ढासळून कुणी अडकलं, तर रात्री-बेरात्री तुलाच बोलवायला येतील ना?''

तो उठला. ग्रीसगन घेऊन चिंचेखाली गेला. नातू माझा टॉर्च घेऊन त्याच्या मागे. दारात ही उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''त्या पोराचा पत्ता शोधता येईल का हो?''

शोधतोय. दुमक्याकडच्या मजुरांना ओळखणाऱ्या दोघा जुन्या सोबत्यांना फोन केले आहेत. भेटलाच, तर माफी कोणत्या शब्दांत मागायची ते अजून ठरलेलं नाही. पण त्या रात्री तू बरोबर होतास आणि मी चुकलो होतो, एवढं तरी त्याला सांगायचं आहे.