नाक मुरडणारं फूल

फूल देवाला वाहावं, बायकोला गजऱ्यात द्यावं किंवा बदली झालेल्या साहेबाच्या हातात निरोपसमारंभात कोंबावं, एवढंच मला ठाऊक. ते ताटात वाढलं जाईल असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या थंडीत आमच्या कन्येने नागावच्या घरापुढे चार कुंड्यांत नॅस्टर्शियम लावलं. छत्रीसारखी गोल पानं, केशरी-पिवळी फुलं. एका रविवारी तिने जाहीर केलं, "बाबा, आज ही फुलं खायची."

मी एक तोंडात टाकलं. आधी किंचित गोड लागलं आणि मग मोहरीचा झणका थेट नाकात गेला. मी नाक मुरडलं.

"बरोब्बर!" कन्या म्हणाली. "नॅस्टर्शियम म्हणजे लॅटिनमध्ये नाक मुरडायला लावणारं!"

परकी भाषा मला इतक्या लवकर कधीच समजली नव्हती. पुढे कळलं की हे फूल मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पेरूच्या बाजूचं. १७५३ साली लिनियसने त्याचं शास्त्रीय नाव ट्रोपिओलम ठेवलं, कारण पान त्याला ढालीसारखं आणि फूल रक्ताळलेल्या शिरस्त्राणासारखं दिसलं. फुलाच्या मागे शेपटी असते, तिच्यात मध असतो आणि मधात मुंग्या असतात. म्हणजे शिरस्त्राणात सैन्यही होतं.

सौभाग्यवतींनी सैन्य झटकून चोवीस फुलांची भजी तळली. खाल्ली तर निव्वळ बेसन! झणका कुठे गेला? जमेला चोवीस फुलं, खर्ची चोवीस भजी, पण हिशेब काही जुळेना.

"मोहरी फोडणीत नाकात जाते का रे कधी?" ओटीवरून आवाज आला. "फेसली तरच जाते ना?"

आई बोलली होती. इथे जरा मागे जायला हवं. वर्षापूर्वी आईने दोनदा दूध गॅसवर विसरून पातेलं जाळलं. तेव्हा मी मोठ्या काळजीने म्हणालो, "आई, आता तू नुसती बस." आणि आई बसली. इतकी बसली की आमटीत मीठ कमी असलं तरी बोलेना. काही विचारलं की एकच उत्तर, "मी आपली बसलेय." त्या वर्षभरात आम्ही वाचवलेल्या दुधाचा हिशेब मी कधी मांडला नाही, मांडण्यासारखा नव्हता.

कन्येने पुस्तक उघडलं. आजीचंच बरोबर होतं. फूल चिरलं, चावलं की त्यातला तिखटपणा तयार होतो. गरम तेलात तो तयारच होऊ शकत नाही. मोहरीचंही तेच.

"आणि फुलं खाणं तुम्ही नव्याने काढलंत वाटतं?" आई उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. "केळफूल वाल घालून कोण खातं? शेवग्याची फुलं? हादग्याच्या फुलातला कडू दांडा काढायला तुला मीच शिकवलं ना? आणि दिसलं फूल की घाल तोंडात, असं करायचं नाही हं. कण्हेरही दिसायला सुंदरच असते, पण विषारी."

"पण आई, हे परदेशी..."

"मिरची तरी कुठे आपली होती?"

मी गप्प बसलो. मिरची पोर्तुगीजांनी आणली, आणि ते तर १७४० पर्यंत आमच्या शेजारी रेवदंड्याच्या किल्ल्यातच होते.

आईने अलिबागचा पांढरा कांदा चिरला, दही फेटलं आणि मीठ घातलं. पानं बारीक चिरून त्यात मिसळली. फुलं मात्र अगदी वाढताना वर टाकली. गॅस पेटवायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे "बस" म्हणायला मला जागाच उरली नाही. कोशिंबीर पहिल्या घासाला गारेगार, दुसऱ्याला नाकात! सगळ्यांनी एकदम नाक मुरडलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

एरवी "आता माझे किती दिवस राहिलेत" म्हणणारी आई हात पुसत कन्येला म्हणाली, "कोवळ्या हिरव्या बिया धरल्या की सांग. मीठ-लिंबात घालू. मुरायला महिना लागेल."

तिने महिन्यानंतरचं काही ठरवलेलं वर्षभरात मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विचारलंच असतं कुणी, तर कांद्यावर ढकलायची माझी तयारी होती.