एमाचा नवरा

कॉलेजात असताना मी एमा बोवारीच्या प्रेमात पडलो होतो. वर्गातल्या मुली ढुंकून बघत नसत, तेव्हा कादंबरीतल्या बाईवर भागवणं आलं! नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याची ही पोर. कॉन्व्हेंटात चोरून प्रेमकथा वाचते आणि संसार म्हणजे चांदण्यातला नौकाविहार असं धरून चालते. पदरी पडतो कोण? तर चार्ल्स. खेड्यातला वैद्यकीवाला, धड पुरती पदवीही नाही. या ठोंब्यानं तिचं वाटोळं केलं, असं मी होस्टेलवर तावातावानं सांगत असे.

फ्लोबेरची ही कादंबरी १८५६ साली एका नियतकालिकातून क्रमशः आली. पुढच्याच वर्षी नीतिभंगाचा खटला झाला आणि गृहस्थ सुटला. परवा, साठी उलटल्यावर, ती पुन्हा वाचायला घेतली, तर माझं एमाकडे लक्षच लागेना. हा चार्ल्स बघा. उमरावाकडे नाचाला जातो, विजार कमरेत आवळलेली, आणि पत्त्यांच्या ज्या डावातलं ओ की ठो कळत नाही तो पाच तास उभ्यानं बघतो! ऑपेराला नेलं तर कथानक विचारून बायकोला भंडावतो, तिच्यासाठी सरबत आणताना ते भलत्याच बाईच्या अंगावर सांडतो. अहो, हा तर मीच. ऐन मालकंसात मी घोरलो होतो, ते ही अजून सांगते.

एमानं स्वप्नं उधारीवर घेतली, हे खरं. गोडबोल्या कापडवाला हुंड्यांवर सह्या घेत गेला, आकडा आठ हजार फ्रँकांवर गेला, दोन्ही प्रियकरांनी हात वर केले आणि उरलं औषधवाल्याकडचं आर्सेनिक.

पण मी अडकलो वेगळ्याच जागी. त्या नाचाहून परतताना रस्त्यात एक रेशमी सिगारदाणी सापडते. एमा ती कपाटात, कपड्यांच्या घडीत जपते. नवरा बाहेर गेला की काढून हुंगते. चार्ल्सला पत्ता नाही.

आमच्याही कपाटात, हिच्या शालूच्या घडीत, नाट्यस्पर्धेची एक पिवळी पडलेली पत्रिका आहे. चाळीस वर्षं मी ती बघतोय.

ही मेथी निवडत बसली होती.

“तू नाटक का गं सोडलंस?”

“आज काय हे मध्येच?” ती हसली. मग एक अख्खी जुडी होईपर्यंत काही बोलली नाही. “तुम्हीच म्हणाला होतात, तालमीमुळे जेवायला उशीर होतो.”

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी खाली बसलो आणि दुसरी जुडी सोडली.

“देठं वेगळी काढा हो,” ती म्हणाली.