हवेची होडी घ्यावी का?



हवा जागा व्यापते, हवेला वजन असतं, हवा दाबता येते. हे आपण दरवर्षी एक फुगा आणि सायकलचा पंप घेऊन शिकवतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. यंदा माझ्या वर्गात या पाठाला पंधरा दिवस लागले. कारण एका पालकांना खरोखरच हवेवर तरंगत समुद्रात जायचं होतं आणि त्यासाठी घरची शिल्लक मोडायची होती. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं आणि मुलांबरोबर करून पाहिलं ते इथे लिहिते आहे.

आमची शाळा सिंधुदुर्गात, खाडीच्या तोंडाशी. चौथीतल्या एका मुलाचे वडील छोट्या लाकडी होडीतून मासेमारी करतात. होडी जुनी झाली आहे. दर वर्षी फळ्यांच्या फटीत कापसाचा पिळा ठोकायचा, काजूच्या टरफलांचं तेल लावायचं, एखादी फळी बदलायची, हे चालूच. आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने फोनवर फुगवायच्या दोन बोटींची माहिती पाठवली. एकटा माणूस उचलू शकतो, घडी करून घरात ठेवता येते, ओढून किनाऱ्यावर घ्यायला चार माणसं लागत नाहीत. ते फोन घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, ह्येच्यात काय लिवलेला आसा ता जरा वाचून दाखवशात?"

खेड्यातल्या शिक्षकाला हे नवीन नाही. बँकेचा कागद, औषधाची चिठ्ठी, सगळं आपल्याकडे येतं. पण इथे नुसतं वाचून दाखवून भागणार नव्हतं. इंग्रजी शब्द मी वाचले, अर्थ मात्र दोघांनाही लागेना. मी दोन दिवस मागून घेतले.

पहिला प्रश्न कापडाचा. फुगवायच्या बोटीची नळी म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत पॉलिस्टरचं किंवा तत्सम विणलेलं कापड असतं आणि त्याच्यावर लेप असतो. ताकद विणीची, हवा अडवायचं काम लेपाचं. तलावात मुलं खेळतात त्या बोटींत बहुतेक वेळा हे कापडच नसतं, नुसता प्लास्टिकचा पातळ पत्रा असतो. तिला एकदा चीर गेली की ती पुढे पळत जाते, थांबवणारी वीण नसते. ती समुद्रासाठी नाहीच, कितीही स्वस्त मिळाली तरी.

लेप मुख्यतः दोन प्रकारचे. एक पीव्हीसी, दुसरा हायपलॉन. हायपलॉन हे अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने दिलेलं नाव. त्या कंपनीने २०१० मध्ये ते बनवणं थांबवलं, पण त्याच जातीचं कृत्रिम रबर इतर कारखाने बनवतात आणि बाजारात जुनंच नाव चालतं. हायपलॉन ऊन आणि पेट्रोल जास्त सोसतं. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं, शिवाय त्याचे जोड उष्णतेने वितळवून एकजीव करता येतात. पण वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलं की ते चिकट होतं किंवा कडक होऊन तडकतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन आठवा. बोट झापाखाली ठेवायची सोय नसेल तर स्वस्त बोट स्वस्त राहत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, ०.७, ०.९, १.२ अशी. खडकाळ किनाऱ्यावर ०.९ च्या खाली उतरू नये असं माझं मत झालं.

आता दाब. फोनवरच्या माहितीत नळ्यांसाठी ०.२५ बार लिहिलं होतं, म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतो. मुलांना वाटलं, एवढ्याशा हवेने काय होणार? पण नळी जितकी जाडजूड, तितका तोच दाब कापडाला जास्त ताणतो. म्हणून ही बोट पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर न्यायची नाही. क्षणात जोड उसवेल. पायाचा किंवा हाताचा पंप आणि दाब दाखवणारा काटा, बस्स.

आणि हे बघा, वरच्या वर्गांसाठी केवढं छान गणित आहे! सकाळी २५ अंशांना साडेतीनपर्यंत हवा भरली आणि बोट वाळूवर तशीच ठेवली, नळी तापून ५५ अंशांवर गेली, तर आतला दाब साडेपाचाच्या जवळ जातो. कापड थोडं ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. उलट दुपारी भरलेली बोट थंड पाण्यात उतरवली की मऊ पडते आणि माणूस भोक शोधत बसतो. भोक नसतंच. फुगा उन्हात आणि माठाच्या पाण्यात ठेवून पहिलीच्या मुलांनाही हे दाखवता येतं.

पण त्या पालकांना दाबापेक्षा वेगळीच काळजी होती. मी कापडाबद्दल बोलत होते तेव्हा ते शांतपणे म्हणाले, शिंगाळो चढलो तर? शिंगाळ्याचा काटा ज्याच्या हातात घुसला आहे त्यालाच तो प्रश्न सुचतो. मग वर्गात मुलांनी यादी केली. शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीवरचा काटा, कुर्ल्यांचे आंगडे, कोळंबीच्या डोक्यावरची करवत, गरी, सुरी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खडकाला चिकटलेली कालवं. त्यांची धार ब्लेडसारखी असते आणि आमच्या किनाऱ्यावरचे खडक त्यांनी भरलेले आहेत. कुठलंही कापड याला पुरून उरणार नाही. जाळ्याच्या मासेमारीला ही बोट नकोच, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ओलं जाळं, त्यात अडकलेले जिवंत मासे, नळीवरून ओढायचं म्हणजे रोज नवीन भोक. शांत दिवशी खाडीच्या तोंडाशी गरवायला जायचं असेल, तळाला जाड चटई आणि मासे टाकायला झाकणाचा डबा असेल, तर विचार करता येईल.

भोक पडणारच हे एकदा धरलं की दोन गोष्टी उरतात. भोक पडल्यावर माणूस बुडता कामा नये, आणि किनाऱ्यावर आल्यावर ते बुजवता आलं पाहिजे.

पहिलीसाठी कप्पे बघायचे. चांगल्या बोटीच्या नळ्या आतून पडद्यांनी वेगळ्या केलेल्या असतात, प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झडप असते. फुगवायच्या बोटींसाठी आयएसओ ६१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, बोटीवरच्या पट्टीवर ते लिहिलेलं आहे का बघायचं. त्याहून खात्रीची परीक्षा आपल्या हातात आहे. गुडघाभर पाण्यात बोट नेऊन, रोजचं वजन ठेवून, एका कप्प्याची हवा पूर्ण सोडायची. तरंगते का? सगळे कप्पे असे एकेक करून बघायचे. हे विकत घेण्याआधी करू देत नसतील, तर निदान पहिल्या फेरीआधी करायचं. लाइफ जॅकेट तरीही लागणारच, त्यावर वाद नको. परवान्याची चौकशीही मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधीच करून घ्यावी.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जाहिरातीत 'सहज दुरुस्ती' असं लिहिलेलं असतं. सहज म्हणजे कुणाला? कुठे? लाकडी होडीची फळी गावातला सुतार बदलतो. फायबरची होडी फुटली तर चटई आणि रेझिन घेऊन येणारा माणूस तालुक्याला मिळतो. हवेच्या बोटीचं ठिगळ लावणं खरंच अवघड नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं, हवा सोडायची, भोकाच्या कडेपासून चारी बाजूंना निदान पाच सेंटिमीटर पुढे जाईल एवढं गोल ठिगळ त्याच कापडाचं कापायचं, दोन्ही बाजू रसायनाने पुसायच्या, डिंकाचे दोन पातळ हात द्यायचे, बोटाला चिकटेल-न-चिकटेल इतपत सुकू द्यायचं, मधून कडेकडे दाबत न्यायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. लांब चीर असेल तर आतूनही एक ठिगळ. इंजिन लावायच्या मागच्या फळीजवळचा जोड सुटला तर मात्र घरी हात घालू नये.

अडचण डिंकाची आहे. पीव्हीसीचा डिंक हायपलॉनला चालत नाही, हायपलॉनचा पीव्हीसीला नाही, आणि पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही. चांगला डिंक दोन भागांचा असतो, डबा उघडल्यावर त्याचं आयुष्य थोडं, न उघडताही त्याला मुदत असते. तो ज्वलनशील, त्यामुळे साध्या कुरिअरने सहज येत नाही. आणि हवेत दमटपणा फार असेल तर जोड नीट धरत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दमटपणा नसलेला दिवस दाखवा आणि बक्षीस न्या! म्हणजे पावसाळ्यात फाटलेली बोट दसऱ्यापर्यंत बसून राहू शकते.

आम्ही दोघांनी मिळून विक्रेत्याला विचारायचे प्रश्न काढले. कापड कुठलं आणि किती जाड? जोड चिकटवलेले की वितळवलेले? कप्पे किती? झडप बिघडली तर सुटी मिळते का? बोटीबरोबर त्याच कापडाचा तुकडा आणि डिंक देता का, आणि डिंक संपल्यावर कुठे मिळेल? पहिल्या तिन्हींची उत्तरं त्याच दिवशी आली. शेवटच्या दोन्हींना 'सर्व्हिसची काळजी करू नका' एवढंच. काळजी करायची होती म्हणूनच तर विचारलं होतं. पालकांनी भावाला सांगितलं की यंदा नको, आणि त्यातल्या थोड्या पैशांत लाकडी होडीच्या तळाच्या दोन फळ्या बदलल्या. बोटीचा विचार त्यांनी सोडलेला नाही. सुट्या झडपा आणि डिंक जवळपास कुठे मिळतो याची चौकशी ते करत असतात, अधूनमधून मला फोनवर फोटो येतो आणि मी वाचून कळवते.

वर्गात मात्र आम्ही थांबलो नाही. जाहिरातींचा फ्लेक्स बॅनर म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप, बोटीच्या कापडाचा गरीब भाऊच. जुना बॅनर प्रत्येक गावात फुकट मिळतो. त्याच्या पट्ट्यांवर आम्ही ठिगळं लावली. काही पंक्चरच्या सोल्यूशनने, काही नळ जोडायच्या पीव्हीसी डिंकाने. काही गोल, काही चौकोनी. डिंक मी स्वतः व्हरांड्यात लावला, वासाचा त्रास होतो म्हणून मुलं लांब. सुकल्यावर पट्ट्या समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि रोज मुलांनी ओढून बघितल्या. सोल्यूशनची ठिगळं दुसऱ्याच दिवशी सोलून निघाली. नळाच्या डिंकाची घट्ट बसली, पण जागा ताठ झाली आणि घडी घातल्यावर तडकली. चौकोनी ठिगळं सगळी कोपऱ्यापासून उचलली गेली, आणि गोल का कापायचं हे सांगायची मला गरजच उरली नाही. तक्त्यात आम्ही एक रकाना रिकामा ठेवला आहे, त्यावर 'पावसात लावलेलं ठिगळ' असं लिहिलंय. तो जुलैत भरू. तुमच्याकडे करून बघितलंत तर तुमच्या पट्ट्यांचं काय झालं ते नक्की कळवा, विशेषतः घाटावरच्या कोरड्या हवेत.