जेम्सटाउनची चौथी

११ सप्टेंबर

नद्यांचा नकाशा लावला. जेम्स, यॉर्क, रॅपहॅनक, पोटोमॅक. आधीच्या बाईंचं म्हणणं, या चार पाठ झाल्या की अर्धी चौथी पार.

रिचमंडची मुलं. जेम्स नदी रोज पुलावरून बघतात. द.नं विचारलं, जेम्स कोण? राजा. इथं आला होता? नाही. मग त्याचं नाव का?

सुरुवातीला इंग्रजही तिला पोव्हॅटनची, म्हणजे इथल्या जमातींच्या प्रमुखाची, नदी म्हणत, असं सांगितलं. पोव्हॅटन म्हणजे शेजारची काउंटी, तिथं माझी आजी राहते, हे ज्ञान मागच्या बाकावरून आलं.

१४ सप्टेंबर

जेम्सटाउन सुरू. पहिला प्रश्न अर्थात हाच: मिसेस जे, किल्ल्यात संडास कुठे होता?

हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि मुलगे त्या दलदलीच्या बेटावर उतरले. सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ निम्मे गेले. ताप, हगवण. पाणी नदीचंच. भरतीला खारं, ओहोटीला गाळ. सगळं सांगून होईपर्यंत वर्ग नाक धरून बसला होता.

पुस्तकात याला एक ओळ आहे.

१९ सप्टेंबर

पोकाहॉन्टस, पोव्हॅटनची मुलगी. डिस्नेचा सिनेमा १९९५ चा, यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तरी गाणी येतात. इथं ती टोल भरतानाही भेटते, पोकाहॉन्टस पार्कवेवर. स्टेट पार्कही तिच्याच नावाचा.

१६०७ ला ती अकराएक वर्षांची. म्हणजे पाचवीतली! हे त्यांना फार आवडलं. सिनेमातली प्रेमाची गोष्ट लगेच बाद झाली. पाचवीतल्या मुलीचं कोण प्रेमबिम लावतं, ई.

२१ सप्टेंबर

दोन झेरॉक्स वाटल्या. कॅप्टन जॉन स्मिथचं १६०८ चं पुस्तक आणि १६२४ चं. डिसेंबर १६०७ मध्ये त्याला पोव्हॅटनपुढे उभं केलं तो प्रसंग दोन्हींत शोधा म्हटलं. पहिल्यात पोव्हॅटन भेटतो, जेवायला घालतो, सोडतो. मुलगी नाही. दुसऱ्यात मुलगी येते, त्याच्या डोक्यावर डोकं ठेवते, जीव वाचवते.

क. कागदावरून मान वर न करता म्हणाली, दुसरं छापलं तेव्हा ती मेली होती ना?

हो. १६१७, ग्रेव्हझेंड. इंग्लंडहून परत निघाली होती.

मग तिला कुणी विचारूच शकलं नसतं.

फळ्यावर लिहून ठेवलं. पुसू नका अशी सफाईवाल्यांना चिठ्ठी.

खरं काय, यावर मतदान घ्या म्हणून गलका. इतिहास मतदानानं ठरत नाही म्हटलं. रिसेसमध्ये त्यांनी परस्पर घेतलं. निकाल सांगायला तयार नाहीत.

२२ सप्टेंबर

आवाज बसला. मुलं दिवसभर माझ्याशी कुजबुजत बोलली.

२८ सप्टेंबर

मैदानावर खडूनं जहाज आखलं. डिस्कव्हरी, १६०७ ला आलेल्या तीन जहाजांतलं सर्वांत लहान. त्यात २१ माणसं होती, वर्गात २२ मुलं. एकाला बाहेर ठेवावं लागलं. बाहेर राहायला कुणी तयार नाही, मग दहा मिनिटांनी आत राहायला कुणी तयार नाही. ऊन. कोपर लागतंय. हा पाय ठेवतोय.

डिसेंबर १६०६ ला लंडनहून निघाले, एप्रिल अखेरीस किनारा दिसला. पहिले सहा आठवडे उलट्या वाऱ्यात इंग्लंडच्याच किनाऱ्याशी अडकून. म्हणजे घर दिसत होतं? साधारण. मग पोहत का नाही गेले?

३ ऑक्टोबर

१६०७ च्या यादीत चार मुलगे आहेत, नावानिशी. सॅम्युएल कॉलियर, नॅथॅनिएल पीकॉक, जेम्स ब्रमफील्ड, रिचर्ड मटन. पीकॉकवर पाच मिनिटं गेली. मटनची गंमत एकट्या मलाच.

पुढच्या जानेवारीत थॉमस सॅव्हेज आला. वय १३. कॅप्टन न्यूपोर्टनं त्याला पोव्हॅटनकडे ठेवून दिला आणि पोव्हॅटननं आपला नामोन्टॅक न्यूपोर्टबरोबर इंग्लंडला धाडला. एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांवर लक्ष राहावं. अदलाबदल.

थॉमसच्या आईला माहीत होतं का? यादीत आयांचा रकाना नाही.

"नामोन्टॅकच्या?" हे म.नं विचारलं. ऑगस्टमध्ये होंडुरासहून आलाय, मावशीकडे राहतो. वर्गात आजवर तोंड उघडलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

आईचा फोन. तुझी चौथी कुठवर आली? कराडजवळच्या झेडपीच्या शाळेत तिनं जन्मभर चौथीला शिवाजी महाराज शिकवले. माझी चौथी एका कंपनीपासून सुरू होते हे तिला अजून पटत नाही. १६०६ ची सनद, भागधारक, नफा. तुमच्याकडे राजापेक्षा गल्लाच मोठा गं, म्हणते.

सर थॉमस स्माइथ सांगितला. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, तोच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर. सुरतेला इंग्रजांची वखार पडली तेव्हाही तोच खुर्चीत. "म्हणजे महाराजांनी लुटली ती सुरत?" तीच. यानंतर मला बोलायला मिळालं नाही. १६६४, इनायतखान, ऑक्झेंडन, वखार कशी वाचली. वरणाला शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं.

१० ऑक्टोबर

झाडाच्या चकत्या आणल्या, शेजाऱ्यानं ओक पाडला त्याच्या. कडी मोजायची. जाड कडं म्हणजे पावसाचं वर्ष, बारीक म्हणजे कोरडं. इथल्या जुन्या सायप्रस झाडांवरून शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की १६०६ ते १६१२ ही सात वर्षं मागच्या ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी. इंग्रज मक्यासाठी तांब्याचे मणी घेऊन दारोदार, आणि ज्यांच्याकडे मागतायत त्यांच्याच कणग्या रिकाम्या.

द.: म्हणजे ते मुद्दाम देत नव्हते असं नाही?

काही वेळा मुद्दाम. काही वेळा नव्हतंच. स्मिथ बंदूक दाखवूनही आणायचा.

चौथीला "वाईट कोण" हे एका वाक्यात हवं असतं. मोठ्यांनाही. आज चकतीवर बोट ठेवून बसली होती, तेवढ्यापुरतं कुणी मागितलं नाही.

१३ ऑक्टोबर

उपासमारीचा हिवाळा, १६०९–१०. किल्ल्यात तीनशेच्या आसपास माणसं. वसंतात साठेक उरली. घोडे, कुत्री, मांजरं, उंदीर, साप, बुटांचं कातडं. पुस्तक इथं थांबतं.

द. थांबला नाही. मग माणसं?

खोटं सांगायचं नाही, रंगवायचंही नाही, हे कालच ठरवलं होतं. हो म्हटलं. मेलेल्यांना. एका मुलीच्या हाडांवर खुणा सापडल्यात. ट्रिपला दिसेल. नको वाटलं तर त्या खोलीत जायचं नाही.

शांत. मग क.: तिचं नाव काय?

१५ ऑक्टोबर

द.च्या वडिलांचा मेल. लांब. मुलगा रात्री जेवला नाही. नऊ वर्षांच्या पोरांना हे कशाला. देश कसा उभा राहिला ते शिकवा.

तीनदा उत्तर लिहिलं. शेवटी दोन ओळी: तुम्ही ट्रिपला सोबत याल का, पालक कमी पडतायत.

१६ ऑक्टोबर

प्रिन्सिपलच्या खोलीत. गोड आवाजात: अभ्यासक्रमाला धरून राहू या. उपासमार अभ्यासक्रमात आहे, मी. तपशील नाही, त्या.

संग्रहालयात काचेमागे ठेवलेली गोष्ट मी लपवायची आणि मुलांनी स्वतः वाचायची? वाचता येतं त्यांना. मीच शिकवलंय.

एवढं बोलले नाही. "धरूनच आहे" म्हटलं आणि आले.

२० ऑक्टोबर

परवानगीपत्रं सगळी आली. द.चंसुद्धा. खाली वडिलांची सही, सोबत येणार या चौकोनात बरोबरची खूण.

२६ ऑक्टोबर

जेम्सटाउन. पिवळी बस, ६४ नंबरचा हायवे, न्यू केंटच्या पुढे एकाला उलटी.

किल्ल्याची जागा नदीनं गिळली असं कित्येक वर्षं मानत. विल्यम केल्सो यांनी १९९४ पासून खणायला घेतलं आणि कुंपणाच्या खांबांचे काळे डाग मातीत मिळाले. मुलांना डाग फार भावले. किल्ला नाही, डाग. म.नं वहीत मातीचा रंग जमेपर्यंत तीन पेन्सिली घासल्या.

मग ती खोली. २०१२ मध्ये एका तळघराच्या भरावात मिळालेली कवटी. चौदा वर्षांची इंग्रज मुलगी. शास्त्रज्ञांनी जेन म्हटलं. खरं नाव मिळालेलं नाही. शेजारी तिचा घडवलेला चेहरा, टोपी घातलेला.

जायचं नसेल तर नका म्हटलं होतं. सगळी गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. क. काचेजवळ जाऊन म्हणाली, माझ्या ताईएवढी आहे.

द.चे वडील सगळ्यांत शेवटी बाहेर आले. माझ्याशी बोलले नाहीत. गाइडला विचारत होते, ही कोणत्या जहाजानं आली असेल.

२७ ऑक्टोबर

त्यांचा मेल. बस पस्तीस मिनिटं उशिरा पोचली.

१ नोव्हेंबर

१६१९. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये पहिली प्रतिनिधी सभा भरली. महिन्याभरात, ऑगस्टअखेर, पॉइंट कम्फर्टला व्हाइट लायन आलं. इंग्रज चाच्यांनी पोर्तुगीज जहाजावरून पळवलेली, अंगोलातली माणसं. धान्याच्या बदल्यात दिली. वसाहतीतला जॉन रॉल्फ पत्रात कळवतो: वीस आणि वर काही.

वर्गात चार कृष्णवर्णी मुलं. दर वर्षी या तासाला बाकीची मान वळवून त्यांच्याकडे बघतात. म्हणून टेबलं आधीच गोल लावून ठेवली होती. सगळेच सगळ्यांना दिसतात, वळायला नको.

"काही" म्हणजे किती? हा प्रश्न क.चा नव्हता, कुणा दुसऱ्याचाच. १०४ नीट मोजले, मुलगेसुद्धा नावानं लिहिले. हे का नाही मोजले?

उत्तर त्यांनाच द्यायला लावलं. कागदाच्या तुकड्यांवर. एकानं लिहिलं: मोजलं असणार, विकताना मोजतातच, पण नाव विचारलं नाही.

मग १६२५ ची शिरगणती दाखवली. जेम्सटाउन, कॅप्टन विल्यम पियर्सचं घर. अँजेलो, निग्रो स्त्री, ट्रेझरर जहाजातून. एवढीच ओळ. इतिहासकार तिला अँजेला म्हणतात.

क. दिवसभर काही बोलली नाही. सुटताना येऊन ती ओळ एका चिठ्ठीवर उतरवून घेतली.

२ नोव्हेंबर

क.च्या आईचा फोन. दचकले. तिला एवढंच हवं होतं की ती शिरगणती कुठे बघायला मिळेल.

७ नोव्हेंबर

निवडणूक. शाळेला सुट्टी, जिममध्ये मतदान केंद्र. घरी वह्या तपासल्या. "टोबॅको" या शब्दाची नऊ स्पेलिंगं.

९ नोव्हेंबर

तेलुगू घरातला श. कधीपासून विचारतोय, आपलं कुणी होतं का तिथं? "आपलं" म्हणताना माझ्याकडे बघतो. टाळत होते. बाई आपलं घोडं दामटतायत असं नको वाटायला.

आज सांगितलं. १६३५, जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराचा दस्त. माणसं आणली की माणशी पन्नास एकर मिळायचे, म्हणून नावं लिहिलेली. त्यात एक: टोनी, ईस्ट इंडियन.

टोनी?! श. खट्टू. असं कुणाचं नाव असतं का.

क. शांतपणे: अँजेला तरी तिचं होतं का?

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकल्या मोडल्या. पुण्याहून निघालेलं फराळाचं पार्सल अजून न्यूयॉर्कलाच.

१५ नोव्हेंबर

घटक चाचणी. पर्यायी प्रश्न. १६१९ ची महत्त्वाची घटना कोणती, चारांतून एक. सभा आणि जहाज दोन्ही पर्यायांत, बरोबर एकच धरायचं. प्रश्न वरून आलेला, हात लावता येत नाही.

क.नं दोन्हींवर गोल केला. यंत्र शून्य देतं. मी हातानं पूर्ण गुण भरले. तक्रार आली तर बघू.

म. पास. इंग्रजीत!

२२ नोव्हेंबर

शाळा बंद. सकाळी कॅपिटल स्क्वेअरला गेले, नवऱ्याला ओढून. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी पामंकी आणि मॅटापोनाय जमातींचे प्रमुख गव्हर्नरला हरीण देतात. १६७७ च्या तहाचं देणं. कर नाही, हरीण. हे लोक इथून कधीच सरले नव्हते, तरी पामंकींना केंद्र सरकारची मान्यता मिळायला २०१५ उजाडलं. पोकाहॉन्टसच्या नावाचा रस्ता तेरा वर्षं आधीच झाला होता.

थंडी. गर्दी बेताची. पिसांचे मुकुट, सूट घातलेले अधिकारी, पायऱ्यांपाशी हरीण. नवरा हळूच: हे दर वर्षी?

पलीकडे द., बापाच्या खांद्यावर. त्या वयाला जड झालाय. मला बघून हात हलवला, ओरडला: मिसेस जे, हे अजून आहेत!

वडिलांनी मान हलवली. मीही.

२७ नोव्हेंबर

द.नं सगळ्या वर्गाला हरणाचं वर्णन ऐकवलं, शिंगांच्या टोकांसकट. लगेच प्रश्न: गव्हर्नर ते खातो का? आणि उलट काय देतो? काहीच नाही? मग तह कसला?

गव्हर्नरलाच विचारा म्हटलं. पत्रलेखन डिसेंबरात आहेच, ते आठवडाभर अलीकडे घेते. पहिला मसुदा उद्या. म. स्पॅनिशमध्ये लिहू का विचारतोय. दोन्हींत लिही म्हटलं, पाकीट मोठं आणते.