समोर बसलेला माणूस

१. चेहऱ्याआधी हात बघतो. तुळशीबागेत जन्म काढलेल्या दुकानदाराला हात मांडीवर ठेवायला सांगितलं की तो अवघडतो. हातात सुतळीचा गुंडा दिला; खांदे आपोआप खाली आले.

२. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. हा अंतराचा परिणाम. मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो आणि दोन मीटर मागे सरकतो. माणसाचं नाक त्याला परत मिळतं.

३. "चष्मा काढू का?" साठी उलटलेले जवळजवळ सगळे विचारतात. काढू नका, आजोबा. नातवंडं तुम्हाला चष्म्यासकट ओळखतात. काड्या कानांवर किंचित उचलायच्या, काचा खाली झुकतात, लाइटचं प्रतिबिंब निघून जातं.

४. १७९२ साली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकाच चित्रात रंगवलं. तीन वर्षांनी पेशवे गेले, एकविसाव्या वर्षी. पेशव्यांच्या दरबारातले ब्रिटिश रेसिडेंट मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली होती. तिथला एक विद्यार्थी गंगाराम तांबट.

५. पासपोर्टचा फोटो आता मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. पेठांमधल्या स्टुडिओंचं रोजचं गिऱ्हाईक त्याबरोबर गेलं. व्हिसाचे फोटो उरले. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच. अमेरिकेसाठी चष्मा काढावाच लागतो.

६. "थोडं उजळ करा." स्थळासाठी फोटो काढायला आलं की हे ठरलेलं. मुलगी गप्प असते, बोलते ती मावशी. कोडॅकने लॅबना रंग जुळवण्यासाठी दिलेल्या कार्डांवर वर्षानुवर्षं गोरी बाई असे. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. सावळ्या चेहऱ्याला मोठा, मऊ, बाजूने येणारा प्रकाश द्यावा. मग गालाचं हाड, कपाळ, हनुवटी सगळं बोलायला लागतं. हे मी मावशींना स्क्रीनवर दाखवतो. रंग बदलून देत नाही.

७. लहान मुलाचा फोटो काढायला मी जमिनीवर बसतो. पुढाऱ्याच्या फ्लेक्ससाठीही जमिनीवरूनच काढायला सांगतात.

८. एक ताई लग्नातला ग्रुप फोटो घेऊन आल्या. तिसऱ्या रांगेत वडील, चेहरा मसुराएवढा. तेराव्याला फ्रेम हवी होती. "एकट्याचा फोटोच नाही हो. प्रत्येक कार्यात ते वाढायला असायचे." स्कॅन करून मोठा केला. डोळ्यांच्या जागी छाया आहे. नवे डोळे काढले नाहीत. जेवढं छायाचित्रात होतं तेवढं ठेवलं. ताईंनी लगेच ओळखलं.

९. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. वुमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी, लुगड्यात. दीड वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेला, तिथे त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली. त्या फोटोत आनंदीबाई वीस वर्षांच्या आहेत.

१०. सवाई गंधर्व महोत्सव, डिसेंबरची थंडी. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेला. सगळे कॅमेरे गायकाकडे. मी अधूनमधून मागच्या तानपुऱ्याकडे वळतो. गुरूंचा षड्ज लागतो तेव्हा तानपुऱ्यावरच्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते गुरूंच्या चेहऱ्यावर नसतं; ते गाण्यात असतात.

११. तांबट आळी. हंड्यावर मठारकाम चाललेलं. म्हटलं, काका, ठोके थांबवू नका.
"फोटोत आवाज येतो का?"
येत नाही. पण तुमची मान त्या आवाजाने धरलेली आहे.

१२. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं 'फेसेस' हे पुस्तक १९९७ मध्ये आलं. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत. शिकायला आलेल्या मुलांना मी त्यातले म्हातारे चेहरे आधी बघायला लावतो.

१३. "हसा" म्हणत नाही. "घरून निघताना कुणाला सांगून आलात?" असं विचारतो. उत्तर द्यायच्या आधी चेहऱ्यावर ते माणूस येऊन जातं. बटण तेव्हा दाबायचं.

१४. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावं. शाई पुढच्या बाजूला उतरते. घरातल्या जुन्या अल्बममधली माणसं ओळखणारं कुणी अजून असेल, तर त्यांना शेजारी बसवून हे आजच करा.